पहिल्या ओळीतला पत्ता

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, धनगरवाडीच्या वाटेवर, ओढ्याचा बुटका फरशी पूल आहे. त्याच्यावर पाणी चढलं की वाडीतल्या लोकांच्या मोबाईलवर इशारा जावा म्हणून भोरच्या एका संस्थेनं तिथं पाणी मोजणारं यंत्र बसवलं होतं. त्याला जोडलेला छोटा लिनक्स संगणक वेल्ह्यात बाजारातल्या एका खोलीत होता, आणि तो सांभाळायचं काम कामथडीच्या सुलक्षणाकडं होतं.

इशारा फार उशिरा येतो, अशी वाडीची तक्रार होती. म्हणून तिनं घरच्या विंडोज लॅपटॉपवर प्रोग्राम दुरुस्त केला आणि सकाळी वेल्ह्याला येऊन जुन्याच्या जागी चढवला. चालवायला गेली तर उत्तर आलं, अशी फाईल सापडत नाही.

फाईल समोर दिसत होती. तिनं नाव बदलून पाहिलं, चालवायची परवानगी पुन्हा दिली, संगणक बंद करून चालू केला. उत्तर तेच. भोरच्या त्या संस्थेतल्या मानसिंगदादांना फोन लावला, तर त्यांनी फाईल नक्की आहे ना, असं दोनदा विचारलं. आहे म्हणून सांगताना तिचा आवाज चढला.

दुपारी पाऊस वाढला. यंत्राचे आकडे चढत होते आणि इशारा जात नव्हता. सकाळी बाजारात दिसलेल्या वाडीतल्या बाळाबाई आता परत निघाल्या असतील हे आठवलं, तशी सुलक्षणानं स्कूटी काढली.

बाळाबाई पुलाच्या तोंडाशीच होत्या. गढूळ पाणी फरशीवरून वाहत होतं आणि त्यांनी लुगडं वर खोचलं होतं. सुलक्षणानं हाताला धरून त्यांना मागं ओढलं.

"मोबाईल वाजला न्हाई," बाळाबाई म्हणाल्या. "न्हाई वाजला म्हंजी जायला हरकत न्हाई, आसं तुमीच सांगितलं व्हतं."

त्यांना गावात ओळखीच्या घरी बसवून सुलक्षणा खोलीवर परतली.

आता तिनं त्याच संगणकावर दोन ओळींची नवी फाईल लिहिली. ती चालली. दोन्ही फाईलींची पहिली ओळ सारखीच दिसत होती. ही फाईल कोणत्या प्रोग्रामकडून वाचून घ्यायची, त्याचा पत्ता त्या ओळीत असतो. मग तिनं न दिसणारी अक्षरं दाखवायला लावली. विंडोजच्या पद्धतीप्रमाणं लॅपटॉपनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर चिकटवलं होतं. लिनक्स ते त्या पत्त्याचाच भाग समजून तसला प्रोग्राम शोधत होती. तसला प्रोग्राम कुठंच नव्हता.

तिनं ती अक्षरं काढली. इशारे गेले. मानसिंगदादांना फोन करून ती म्हणाली, "वाचणारा प्रोग्राम सापडत नाही, एवढं सांगायला त्या संगणकाला काय झालं होतं? दिवसभर माझीच फाईल नाही म्हणून सांगत बसला."

दादा म्हणाले, हे त्यांच्याही बाबतीत झालं होतं, पण वेळेवर आठवलं नाही.

संध्याकाळी ती त्या ओळखीच्या घरी बाळाबाईंकडं गेली आणि यंत्र नीट झाल्याचं सांगितलं.

"व्हय का? बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर म्या आता आदी पानी बगीन."