नोकरी सुटण्याचं कारण

कल्याणी ओव्हाळला मुलाखती जमत होत्या. अडचण त्यानंतर होती.

वकील तिला एखाद्या शपथपत्राचा मसुदा करायला देत, तो वाचून मान डोलवत आणि सोमवारी कळवतो म्हणत. सोमवारी कोणी कळवत नसे. एका मोठ्या फर्ममध्ये स्पष्ट सांगितलं की मसुदे आता सॉफ्टवेअर करतं, ते नुसतं वाचून बघायला पंचविशीच्या आतली मुलगी हवी आहे. तो निदान नकार तरी होता. शिवाजीनगरच्या एका वकिलाने अर्जावरचा पत्ता बघून विचारलं, "येरवडा? आत की बाहेर?" आणि स्वतःच हसला. कल्याणीही हसली, कारण तिला काम हवं होतं. नवऱ्याची, संजयची, कंपनी बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं, आणि आता तो पगारही नव्हता. त्या वकिलानेही कळवलं नाही.

मग तिने कारण शोधायचं ठरवलं. प्रत्येक नव्या अर्जात ती एकच गोष्ट बदले. आधी वय काढलं. मग अपेक्षित पगाराची ओळ काढली. मग येरवड्याऐवजी बहिणीचा कोथरूडचा पत्ता घातला. फरक पडला नाही. सगळ्या अर्जांत तशीच राहिलेली गोष्ट एकच होती: पॅरालीगल, सतरा वर्षांचा अनुभव, अ‍ॅड. श्यामसुंदर मेहेंदळे, नारायण पेठ. ती तिची सगळ्यात चांगली ओळ होती, म्हणून तिच्यावर संशय घ्यायचं तिला सुचलं नाही.

ते रुपालीने सांगितलं. रुपाली त्या शिवाजीनगरच्या वकिलाकडेच कामाला होती. कोर्टात फायलिंगच्या खिडकीपाशी दोघींची गाठ पडली.

"तू कशाला गं इंटरव्ह्यू देत हिंडतेस? एवढी हौस?"

"म्हणजे?"

"आमच्या सरांनी मेहेंदळ्यांना फोन लावला होता. ते म्हणाले, तिला थोडे दिवस सुट्टी दिलीय, पुढच्या महिन्यात परत घेतोय. मग आमचे सर कशाला मध्ये पडतील? दुसऱ्याचं माणूस पळवलं म्हणून बाररूममध्ये तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

ही रीत कल्याणीला माहीत होती. एका ऑफिसातलं माणूस घेण्याआधी जुन्या वकिलाला फोन करायचा, त्यांनी हरकत नाही म्हटलं की मगच घ्यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कोणी मोडतही नव्हतं. सतरा वर्षांत असे फोन मेहेंदळ्यांना तिनेच जोडून दिले होते.

त्याच दिवशी सकाळी तिची कर्वेनगरला मुलाखत झाली होती. तनया सबनीस नावाच्या वकीलबाईंचं तिथे नवीन ऑफिस होतं, काम भरपूर होतं. निघताना तनया म्हणाली होती, "मला तुम्ही हव्या आहात. उद्या सकाळी मेहेंदळे सरांशी बोलते, की झालं."

कल्याणी दुसऱ्या दिवशी सकाळीच नारायण पेठेत गेली.

मेहेंदळे एकटेच बसले होते. पक्षकारांच्या खुर्च्यांवर वर्तमानपत्रं पडली होती. तिची खुर्चीही होती, तिच्यावर पाण्याचा जार ठेवलेला होता.

"या, ओव्हाळबाई. चहा सांगायला कोणी नाही, तेवढं समजून घ्या."

"सर, तुम्ही मला परत घेणार आहात का?"

"नाही."

"मग सगळ्यांना तसं का सांगता?"

मेहेंदळ्यांनी चष्मा काढून पुसला. "मग काय सांगू? मेहेंदळ्यांकडे काम उरलं नाही म्हणून बाई काढली? संध्याकाळपर्यंत गावभर होईल. जे चार पक्षकार टिकलेत तेही फाइल परत मागतील."

"मला त्याच्यामुळे कुठेही काम मिळत नाहीये."

"ते माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले. ते खरं असावं.

"आज सबनीस मॅडमचा फोन येईल. त्यांना सांगा, मी स्वतः सोडलं."

"का सोडलं म्हणून विचारतील. बाईमाणसाने सतरा वर्षांची नोकरी एकाएकी सोडली की लोक दोनच कारणं धरतात. एकात तुमचं नाव खराब होतं, एकात माझं. या वयात मला ते झेपणार नाही."

"मग काढलं म्हणून सांगा."

"का काढलं?"

काम उरलं नाही हे कारण ते सांगणार नव्हते. ती सोडून गेली हेही नाही. उरत होतं ते एकच, आणि ते दोघांनाही दिसत होतं.

"एखादी चूक सांगा," ती म्हणाली. "लहानशी. टायपिंगमधली वगैरे."

"लहान चुकीसाठी मी माणूस काढत नाही, बाई. एवढी वर्षं बघताय तुम्ही. ते पटणार नाही कोणाला."

फोन वाजला तेव्हा त्यांनी नाव बघितलं आणि तिच्याकडे बघितलं. "ठरवा. परत घेतोय म्हणू, की दुसरं?"

"दुसरं," कल्याणी म्हणाली.

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. निदान तेवढं तरी तिच्यासमोर व्हावं, असं त्यांना वाटलं असावं.

तनयाने नमस्कार, तब्येत, पाऊसपाणी उरकलं आणि विषय काढला. मेहेंदळे म्हणाले, "माणूस उत्तम. कष्टाळू. येरवड्याहून यायची, पण कधी उशीर नाही. पण मला नाइलाजाने काढावं लागलं. आमचे एक जुने पक्षकार होते, रामदास पोकळे. त्यांचं जमिनीचं अपील होतं. हिने शेवटची तारीख एका महिन्याने पुढची धरली. मुदत गेली. वीस वर्षांचे पक्षकार, माझ्या तोंडावर फाइल घेऊन गेले."

ते अडखळले नाहीत. गोष्ट घडलेली होती. फक्त ते अपील कल्याणीने मुदतीच्या आठवडाभर आधी टाइप करून सहीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं, आणि तारीख पुढे आहे असं धरून मेहेंदळे भाच्याच्या लग्नाला नाशिकला राहिले होते. तिने दोनदा फोन केला होता. लग्नघरात त्रास देऊ नका, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

ती टेबलाच्या अलीकडे बसून होती. तोंड उघडलं असतं तर पलीकडे ऐकू गेलं असतं.

तनया म्हणाली, "हरकत नाही सर. खरं सांगू, मला अशी माणसं बरी वाटतात. एकदा पोळलेली असतात, त्यामुळे जपून राहतात. आणि जास्त तोरा नसतो. फक्त मग पॅरालीगल म्हणून नाही घेता येणार, असिस्टंट म्हणून घेईन. तुमची हरकत नाही ना?"

"माझी काय हरकत असणार," मेहेंदळे म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं तुमचं काम. आता तो जार जरा खाली ठेवता का? मला वाकता येत नाही."

तिने जार उचलून खाली ठेवला.

कर्वेनगरच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी तनयाने तिची पूर्वाशी ओळख करून दिली. पूर्वाला वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती. "या कल्याणीताई. अनुभव खूप आहे. फक्त यांनी काढलेली प्रत्येक तारीख तू बघायचीस. तुझी सही झाल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही."

पूर्वा स्वभावाने चांगली होती. तिने कल्याणीला डब्यातली भाजी दिली, कुठला प्रिंटर अडकतो ते सांगितलं. जेवण झाल्यावर खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका. पण नेमकं काय झालं होतं? म्हणजे मला कळेल, काय चेक करायचं ते."

कल्याणीने आधी मोघम काहीतरी सांगितलं. पूर्वा वाट बघत राहिली. मोघम बोलणारा माणूस लपवतो असं कल्याणीलाही नेहमी वाटत आलं होतं. आणि ती फाइल तिच्याइतकी कोणाला पाठ नव्हती. मग तिने नीट सांगितलं. निकाल कधी लागला, त्याची नक्कल कधी मागितली, कधी हातात आली, त्यातले कोणते दिवस धरायचे आणि कोणते वगळायचे. बोलता बोलता तिने पाठकोऱ्या कागदावर तारखांची रेघ काढली आणि चूक जिथे झाली असती तिथे पेन टेकवलं.

"इथे मी फेब्रुवारीऐवजी मार्च धरला," ती म्हणाली.

"एवढी सोपी गोष्ट होती?"

"हो."

पूर्वाने कागदाचा फोटो काढून घेतला. काचेपलीकडून तनया ऐकत होती. ती दारात आली.

"किती स्पष्ट सांगता हो. उद्या दोन इंटर्न येतायत, त्यांनाही असंच सांगा. पुस्तकातलं डोक्यात राहत नाही. ज्याच्या हातून चुकलंय त्याच्याकडून ऐकलं की राहतं."

"किती वाजता येणार आहेत?" कल्याणीने विचारलं.