मऊ न पडलेली सळई

मी जुनी आहे, काळवंडलेली आहे, टोकाला झिजलेली आहे. पण मित्रांनो, मऊ मात्र नाही. शेंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यात घडलेली मी तांब्याची सळई. नुसत्या तांब्याची म्हणाल तर मला राग येईल. माझ्यात चिमूटभर क्रोमियम आहे आणि पुढचं सगळं रामायण त्या चिमटीमुळेच घडलं.

आधी मला भट्टीत सडकून तापवलं आणि गार पाण्यात बुडवलं. क्रोमियम माझ्यात साखरेसारखं विरघळलं आणि तिथेच अडकलं. मग मला लहान भोकातून ओढलं, मग त्याहून लहान भोकातून. आतले कण चेपले, लांबले, अंगभर ताण भरला. दुखलं का? दुखलं! पण त्या ओढाताणीनेच मी कडक झाले, म्हणून तक्रार करणार नाही.

आता हा कडकपणा पक्का करणारी शेवटची धग उरली होती. भट्टी मुनिरा सांभाळायची, पण त्या दिवशी ती रजेवर होती. माझ्याबरोबर ओढलेल्या माझ्या बारा बहिणी बद्रीनाथकाकांच्या हाती लागल्या. काकांचं निम्मं आयुष्य तांब्याची भांडी ठोकण्यात गेलेलं. ठोकून ताठरलेली घागर लालबुंद तापवली की पुन्हा मऊ होते, तडकत नाही, हे त्यांच्या हातात मुरलेलं. तीच माया त्यांनी बहिणींना लावली. त्या लाल धगीत बहिणींच्या अंगात नवे, निवांत कण जन्मले, फोफावले आणि कमावलेला सगळा ताण पुसून गेला. भट्टीत जागा नव्हती, म्हणून मी तेवढी बाहेर राहिले.

दुसऱ्या दिवशी बहिणी मऊ निघालेल्या पाहून कारखान्याचे मालक शिवराजशेठ भडकले. "मालच खराब हाय. समदा भंगारात टाका. आन् मुनिरा, भट्टी तुझी, जबाबदारी तुझी. उद्यापासनं दुसरा माणूस बघतो मी."

मुनिराने मला उचललं. "शेठ, माल चोख हाय. ही एक सळई उरलीय. मला दोन घंटे द्या. ही मऊ पडली तर भट्टीला हात नाय लावणार."

तिने भट्टीचा काटा साडेचारशे अंशांवर ठेवला, त्यावर एक अंश नाही. काकांनी डोकावून पाहिलं. "पोरी, लाल तर झालीच नाय. हे कसलं तापवणं?"

"काका, हिला लाल करायचीच नाय. घागर नव्हं ही."

आत धग मला चुचकारत होती. सोड तो ताण, हो मोकळी! मी दात घट्ट आवळले. नवे कण जन्मायच्या आत माझं क्रोमियम लपल्या जागेतून बाहेर पडलं. डोळ्यांना न दिसणारे त्याचे बारीक दाणे नेमके तिथेच ठाण मांडून बसले, जिथे ओढताना माझी घडी विस्कटली होती. नवा कण पुढे सरकू लागला की ते वाट अडवत. दोन तास आम्ही हटलो नाही.

मग परीक्षा. यंत्राची पोलादी गोळी माझ्या अंगावर दाबली. जितका आकडा मोठा, तितकी सळई कडक; बहिणींचा आकडा पंचेचाळीसच्या पुढे गेला नव्हता. माझा एक्क्याऐंशी!

"परत दाबा," शेठ म्हणाले. परत एक्क्याऐंशी.

काका पुढे आले. "चूक माझी व्हती, शेठ. पोरीला बोलू नका."

शेठ मुनिराकडे वळले. "भट्टी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," एवढं म्हणून ते निघून गेले. काका मात्र मुनिराच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि भट्टीचा काटा समजून घेऊ लागले.

पुढे सहा वर्षं मी वेल्डिंगच्या यंत्रात गाड्यांच्या दारांचे पत्रे जोडले. दर टाक्याला चटका बसे, दर टाक्याला मी ताठ. आता झिजले, खोक्यात पडले आहे. वितळवायचं तर खुशाल वितळवा, मी घाबरत नाही. फक्त मित्रांनो, कुणालाही धग देण्याआधी तो कशाचा घडला आहे ते विचारा. आणि माझ्या बारा बहिणींना माझ्यासमोर कुणी कच्चं म्हणू नका. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.