हातातलं काम

“मूल सांगायला लागलं की हातातलं काम थांबवू नका. चेहऱ्याकडे टक लावून बघू नका. नुसतं ऐका.”

पालकसभेत वर्गशिक्षिका हे सांगत होत्या, तेव्हा मागच्या बाकावर बसलेली ती मनातल्या मनात हसली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातातलं काम थांबतं कधी? आज मात्र तेच शब्द धरून ती गुडघ्यांवर बसल्या बसल्या झग्याच्या घेराला टाचण्या लावत राहिली. तेरा वर्षांची लेक नवा झगा घालून स्टुलावर उभी होती आणि छताकडे बघत बोलत होती.

पूर्वी याच स्टुलावर तिचं तोंड क्षणभर मिटत नसे. बाबांनी नावच टकळी ठेवलं होतं. गेल्या वर्षी फोनवरच्या कुठल्याशा खेळावरून आईनं तिचा फोन महिनाभर कपाटात कुलपात ठेवला, तेव्हापासून टकळी बंद झाली. माप द्यायलाही यायची नाही. जुना झगा पुढे करून ‘यावरून बेत’ म्हणायची. घर शांत झालं म्हणून आईला आधी बरं वाटलं. मग काम करता करता ती त्या शांततेलाच कान देऊ लागली.

आज लेक आपणहून आली होती. तीही आईच्या ओठांत सात-आठ टाचण्या असताना.

फोनवर एक मैत्रीण झालीय, लेक सांगत होती. आपल्याच वयाची आहे म्हणते. तीन महिने निरोपांतून छान बोलायची. आता घरात कुणी नसताना फोटो काढून पाठव म्हणून मागे लागलीय, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणते. आवाज ऐकव म्हटलं तर टाळते.

आईचा हात ओठांकडे गेला. लेक गप्प झाली. आईनं हात खाली घेतला, टाचण्या तशाच राहू दिल्या आणि घेराची पुढची दुमड धरली.

“पाठवला नाही मी,” लेक म्हणाली. “तर म्हणते, शुक्रवारी शाळेच्या फाटकाशी येते. आई, मी तिला शाळा सांगितलीच नव्हती.”

टाचणी कापडातून बोटात शिरली.

“तुझ्या पानावर बघितली तिनं. तो निळा फ्रॉक. मागे शाळेची पाटी आहे.”

इंटरनेटवरच्या शिवणकामाच्या पानावर आईनं हौसेनं टाकलेला पहिला फोटो तो. त्यानंतर प्रत्येक नवा झगा लेकीच्याच अंगावर. गिऱ्हाइकं यायची ती ते फोटो बघूनच.

आईनं ओठांतली एकेक टाचणी काढून डबीत ठेवली.

“फोन घेशील माझा?” लेकीनं विचारलं.

“नाही.”

“मागच्या वेळी घेतलास.”

“चुकलं माझं. फोटोंचंही चुकलं.” तिनं बोट चिंधीला पुसलं. “तिला उत्तर देऊ नकोस, पण निरोप पुसूही नकोस. बाबा आले की तिघं पोलिसांकडे जाऊ. तुझ्या वर्गाच्या बाईंना मी आत्ता फोन करते. शाळेत सोडायला, आणायला मीच येईन.”

“ती मुलगी नाहीये ना, आई?”

“नसावी.”

लेक झग्याची कड चाचपत राहिली. “आणि ते फोटो?”

“आजच काढून टाकते. सगळे.”

“सगळे? अगं, तुझी गिऱ्हाइकं?”

“झगे हँगरला लावून दाखवीन. त्यांना काय तुझे दात बघायचेत?”

लेक हसली. डावीकडे लांब झालाय बघ, म्हणाली, आणि स्टुलावरून न उतरताच वर्गातल्या कुणाचं तरी सांगू लागली. आईनं डबीतल्या दोन टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. घेर तर कधीच पुरा झाला होता, डावीकडेही सारखा.

बाईंना फोन झाल्यावर ती खिडकीशी बसली आणि पान उघडलं. निळ्या फ्रॉकमधली टकळी, पुढचे दोन दात पडलेले, डोळ्यांवर ऊन, आईकडे बघून काहीतरी सांगत असलेली. काय सांगत होती, ते काही केल्या आठवेना.

नव्या कापडाला कात्री लावण्याआधी ती देवाचं नाव घेऊन क्षणभर डोळे मिटायची. तसेच मिटले. मग फोटोवर बोट ठेवलं.