ब्राह्मीचा पेला

"आवो, त्वांड वाकडं करू नका. गुमान प्या," राजाबाई नवऱ्यावर, कडूबावर तडकली आणि हिरव्या रसाचा पेला त्याच्या हातात कोंबून भाकरी थापायला बसली.

गंगापूरकडच्या आमच्या वस्तीत कडूबाएवढी मेंढरं कुणालाच कळत नसत. पण वर्षभरात त्याच्या डोक्यातून एकेक माणूस निघून गेलं. आधी व्याही, मग आम्ही शेजारी, मग पोटचा अजिनाथ. एकट्या राजाबाईची ओळख तेवढी उरली होती. ती तरी राहावी म्हणून बाईचा जीव टांगणीला लागला होता.

अजिनाथनं बापाला गारखेड्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. ब्राह्मीतली द्रव्यं मेंदूला, शिरांना बरी असं म्हणतात, त्यावर अभ्यासही चाललाय, असं त्या म्हणाल्या. द्यायची तर द्या, पण गोळ्या सोडू नका आणि फार आशाही धरू नका. राजाबाईनं त्यातलं 'द्या' एवढंच ऐकलं. रोज पाणथळीतून पाला खुडायचा, पाट्यावर वाटायचा, फडक्यातून पिळायचा. पेला रिकामा दिसला की तिला बरं वाटायचं.

भाकरी झाल्यावर ती पेला आणायला मेंढरांकडं गेली. कडूबानं एक मेंढी गुडघ्यात धरली होती आणि बांबूच्या नळीनं सगळा रस तिच्या घशात सोडत होता. पहिलटकरीण मेंढी, कोकराला जवळ येऊ देत नव्हती.

राजाबाई पुढं झाली. "कवापासनं चाललंय हे?"

"ही व्याल्यापासनं. पोटचं वळखीना. लई वाईट आसतंय ते."

त्यानं मेंढी सोडली. तिनं कोकराला हुंगलं आणि गप उभी राहिली. कोकरू दुधाला लागलं. रसानं झालं की सवयीनं, देव जाणे. पण कडूबा लहान पोरासारखा हसला. किती दिवसांनी हसला म्हणून राजाबाईलाही क्षणभर हसू आलं.

मग त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि परक्या बाईमाणसासमोर करावं तसं मुंडासं सारखं केलं.

"लागू पडलं बगा, बाई. तुमच्या घरी कुनाला इसर पडत आसंल तर तुमी बी हा पाला देऊन बगा."

राजाबाईला त्यानं जन्मात कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून तिनं पेला उचलला.

"हाय एक जण," ती म्हणाली, आणि पाला खुडायला पाणथळीकडं निघाली.