पातेल्यातलं एक मिनिट

अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या ऐन मध्यात, जुन्या बाजाराला पाठ लावून जे बंदिस्त स्टेडियम उभं आहे, त्याला कागदोपत्री कुठल्याशा गव्हर्नरचं नाव आहे. ते कुणी घेत नाही. छप्पर पालथ्या पातेल्यासारखं, म्हणून अख्खं गाव त्याला पातेलंच म्हणतं. शुक्रवारी तिथे गाणंबजावणं आणि नाच, शनिवारी बॉक्सिंग, रविवारी बास्केटबॉल. मधल्या वारी एखादा उपदेशक येतो आणि लंगड्यांना चालवून दाखवतो.

अमादेओ लुदुएन्या तिथे मैदान पुसायचा. खेळाडू घसरला की पंच शिटी मारणार, अमादेओ लांब दांड्याचा मॉप घेऊन धावणार, लाकडावरचा घामाचा डाग पुसणार, मग खेळ पुढे. तो बाजूला झाल्याशिवाय चेंडू हलत नसे. बत्तीस वर्षं तो सात हजार माणसांच्या नजरेसमोर धावला आणि एकाही नजरेला दिसला नाही.

मंगळवारी एल्वेसिया मोयानो वारली. बायकांच्या संडासाच्या दाराशी स्टुलावर बसून ती येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात कागदाची घडी द्यायची. सत्तावीस वर्षं. गव्हर्नरच्या बायकोपासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांनी तिच्या हातून कागद घेतला, बशीत नाणं टाकलं, पण नाव विचारावंसं कुणाला वाटलं नाही. मध्यंतराची गर्दी ओसरली की ती आणि अमादेओ गॅलरीखालच्या झाडूच्या खोलीत एकाच नळीने माते, म्हणजे कडू पाल्याचा गरम काढा, प्यायचे. ती त्यात साखर घालायची. त्याला गोड माते घशाखाली उतरत नसे, पण हे त्याने तिला कधी कळू दिलं नाही. दोघं शेवटपर्यंत एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणाले. दफनाला तो होता, पाद्री होता आणि गाडीचा ड्रायव्हर. त्यातल्या ड्रायव्हरने इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

पातेल्यात सामन्याआधी मेलेल्या माणसासाठी एक मिनिट शांतता पाळतात. ती मिळवायला फार काही कर्तृत्व लागत नाही. गेल्या महिन्यात अध्यक्षाच्या सासूला मिळाली, जिने उभ्या जन्मात इथल्या पायरीला पाय लावला नव्हता. सॉसेजची जाहिरात देणाऱ्याच्या बापालाही मिळाली. मग एल्वेसियाला का नाही? तिचं नाव एकदा, फक्त एकदा, त्या भोंग्यातून गावाने ऐकावं, एवढंच अमादेओला हवं होतं.

ऑफिसातली मिकाएला चांगली मुलगी. चांगल्या माणसांच्याच हाती नेमके फॉर्म असतात.

“अमादेओ, अर्ज फक्त घरच्यांना करता येतो हो. तुम्ही तिचे कोण?”

“तिला घरचं कुणी नव्हतं.”

“ते कळलं मला. पण या चौकटीत काय लिहिणार? चौकट रिकामी ठेवली की वरून परत येतं.”

अमादेओ त्या बोटभर चौकटीकडे बघत राहिला. मग त्याने पेन उचललं आणि जे तिच्यासमोर बोलायची कधी छाती झाली नाही, ते लिहून टाकलं. नवरा.

मिकाएलाने वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

रविवारी संध्याकाळी स्टेडियम भरलं. भोंग्यावर ब्राकामोन्ते होता. आवाज मधाचा, डोकं रिकाम्या पिंपाचं. फॉर्मवर अर्जदाराचं नाव वर असतं आणि मेलेल्याचं खाली. हा पठ्ठ्या वरचं नाव मेलेल्याचंच धरून चालला.

“या वास्तूचे जुने सेवक अमादेओ लुदुएन्या यांचं मंगळवारी दुःखद निधन झालं. त्यांच्या पत्नी एल्वेसिया मोयानो यांच्या दुःखात आपण सहभागी आहोत. एक मिनिट शांतता.”

सात हजार माणसं उठली. टोप्या उतरल्या. अमादेओ मैदानाच्या कडेला मॉप धरून स्वतःच्या मरणाला उभा राहिला. शेजारचा राखीव खेळाडू मान खाली घालून कुजबुजला, “बिचारा. तुम्ही ओळखत होतात?”

“थोडंफार,” अमादेओ म्हणाला.

मिनिट संपताच तो तडक भोंग्याच्या टेबलाशी गेला. ब्राकामोन्तेचा जबडाच खाली आला.

“आयला! म्हाताऱ्या, तू गेलास ना?”

“फॉर्म नीट वाच, गाढवा. गेली ती. मी अर्ज केलाय.”

“असं होय! मग तोंड पाडून काय उभा राहतोस? मध्यंतराला दुरुस्त करतो. आईशप्पथ.”

“नाव नीट घे तिचं.”

“घेतो रे बाबा, घेतो!”

आणि त्याने घेतलं, खोटं कशाला बोला. पण कोर्दोबाचा माणूस एक वेळ आईला सोडेल, हातातला विनोद सोडणार नाही.

“मंडळी, पातेल्यात चमत्कार! येशूला तीन दिवस लागले, आपल्या लुदुएन्याला पाच! उठला की हो! गेली ती त्याची बायको...”

पुढचं नाव हशात बुडालं. वरच्या गॅलरीत ढोल सुरू झाला. “लुदुएन्या मेला नाही, मेला नाही!” सात हजार गळे गायला लागले. कुणीतरी ओरडलं, “सुटलास लेका! आता एक पेग फेर्नेत पाज!”

अमादेओ झाडूच्या खोलीत गेला नाही. मैदानाच्या कडेलाच उभा राहिला.

मध्यंतरानंतर पाचेक मिनिटांनी पाहुण्या संघाचा एक लंबू बास्केटखाली सपशेल आडवा झाला. काही लागलं नाही, उठला. पंचाने शिटी मारून डागाकडे बोट दाखवलं. अमादेओ या वेळी धावला नाही. चालत गेला. डागापाशी पोचल्यावर मॉप जमिनीवर ठेवला, हात मागे बांधले आणि मान खाली घातली.

“पुसा ना,” पंच म्हणाला.

“एक मिनिट.”

“काय झालं?”

“साठ सेकंद. दहा झाले.”

शिट्ट्या सुरू झाल्या. एक बाटली पायाशी येऊन फुटली. “मढं परत झोपलं!” “उचला त्याला!” दोन्ही प्रशिक्षक हात नाचवत ओरडत होते. पंचाने एक इशारा केला असता तर रखवालदार धावत आले असते. पण पंचही आयुष्यभर याच गॅलऱ्यांच्या शिव्या खात आलेला. त्याने शिटी तोंडातून काढली.

“कोण गेलं?”

“एल्वेसिया मोयानो. बायकांच्या संडासाशी बसायची.”

“बायको तुमची?”

“नाही,” अमादेओ म्हणाला. “अजून बावीस सेकंद.”

पंच हलला नाही. मान मात्र त्याने खाली घातली नाही. तेवढी हिंमत त्याच्याजवळ नव्हती आणि ती कुणी मागितलीही नव्हती. सात हजार माणसं आईबहिणीवर आली होती आणि अमादेओ त्या गदारोळात मनात आकडे मोजत होता. एकही आकडा गाळला नाही, एकही घाईने घेतला नाही.

साठ झाले. त्याने वाकून मॉप उचलला. घाम एव्हाना वाळून गेला होता. तरी त्याने ती जागा पुसली, काचा गोळा केल्या आणि कडेला त्याची वाट बघत उभ्या असलेल्या दोन रखवालदारांकडे चालू लागला.