नवा आला पुडके घेऊन

मित्रांनो, मी एक जुना क्लास आहे. शिकवणीचा नव्हे हं! जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, पडद्यावरचे पान मांडून देणारा क्लास, म्हणजे सूचनांचा एक साचा. मजकूर कुठे, चित्र कुठे, रकाने किती, हे सारे मी जुळवतो.

मला घडवले दोन जावांपैकी थोरलीने. घरातल्या मागच्या खोलीत टेबल टाकून ती दुकानांची, दवाखान्यांची संकेतस्थळे बनवू लागली तेव्हा. माझी रीत कडक होती. आधी रुंदी सांगायची, मग रकाने, मग समास, मग अक्षरांचा आकार आणि शेवटी सावली, चौकट वगैरे हवी की नको, याचे ओळीने काही 'हो' आणि 'नाही'. आकड्याच्या जागी भलतेच काही आले, की मी काम थांबवून लाल अक्षरांत बोंब मारत असे.

"माझा गडी शिस्तीचा आहे," थोरली म्हणायची. मी फुलून जायचो.

मग धाकटी जाऊ मदतीला आली.

"ताई, हा तिसरा 'हो' कशाचा?"

"सावलीचा. नाही, थांब... चौकटीचा असेल."

धाकटीने तोंडाला पदर लावून हसू दाबले आणि चार दिवसांत नवा क्लास लिहिला. त्याला एकच पुडके द्यायचे. आत प्रत्येक गोष्टीवर नावाची चिठ्ठी. रकाने, दोन. अक्षर, मोठे. क्रमाची कटकट नाही, आणि जे सांगितले नाही ते तो नेहमीचे धरून चालायचा.

"किती सुटसुटीत गं!" थोरली म्हणाली. माझी थोरली! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी मनाची समजूत घातली, पण नवी कामे सगळी त्याच्याकडेच जाऊ लागली. मी आतल्या आत जळत राहिलो.

एकदा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचे पान त्याने मांडले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"अहो, मोठी अक्षरं सांगितली होती ना? मुंगीएवढी आहेत! माझ्या एका पेशंट आजोबांचा डोळा ऑपरेशननंतर ठणकायला लागला. पानावरचा दवाखान्याचा नंबर वाचता येईना, भलतीकडेच फोन लावत बसले बिचारे. वेळेवर आले नसते तर?"

धाकटीचा चेहरा उतरला. दोघींनी शोधाशोध केली. चिठ्ठीवर 'अक्षर' लिहिताना तिच्या हातून एक खूण चुकली होती. नव्याला ते नाव ओळखता आले नाही, आणि त्याने ब्रही न काढता नेहमीचा बारीक आकार लावून टाकला होता.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता याची उचलबांगडी होणार!

"ताई, बोला मला," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

"तुला काय बोलू? चूक कुणाच्याही हातून होते. पण हा गप्प बसतो, ते मात्र बरं नाही. सरक जरा."

तिने मला उघडले. कितीतरी दिवसांनी! पण तिने काय केले, ठाऊक आहे? माझ्या बोंब मारण्याच्या ओळी काढल्या, नावांना जुळतील अशा बदलल्या आणि नव्याच्या पोटात बसवल्या. मग मुद्दाम एक चुकीची चिठ्ठी टाकून पाहिली. नवा लाल अक्षरांत ओरडला, "असा पर्याय नाही!"

दोघी खळखळून हसल्या. पान सुधारले. आजोबांनी दवाखान्याचा नंबर आपला आपण वाचला, हे डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम कळवले. थोरलीने तेव्हा धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

मी एकटा धुमसत होतो. खोटे कशाला सांगू? अजूनही धुमसतो.

आता माझ्याकडे चपला दुरुस्त करणाऱ्या काकांचे एकच पान उरले आहे. उद्या तेही जाईल. मित्रांनो, नवे जरूर आणा. प्रत्येक गोष्टीला नीट नाव द्या. पण जुने पुसण्याआधी ते एकदा उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एवढे केलेत, तर मी कुरकुर न करता जाईन. म्हणजे, फार कुरकुर न करता.