तीन नंबरची गाडी

गाड्या चौदा, प्रत्येकीच्या दांडीखाली काडेपेटीएवढी एक डबी, आणि लाँड्रीपासून इस्त्रीच्या खोलीपर्यंतच्या बोळात वळण एकच. रुग्णालयाच्या सगळ्या चादरी याच वाटेनं जात.

"म्हणजे आम्ही कुठं टिवल्याबावल्या करतो ते या नव्या पोरीला बसल्याजागी कळणार!" इस्त्रीवाल्या मावशी डबीला टिचकी मारत म्हणाल्या.

"गाडी कुठे आहे एवढंच कळतं, मावशी. कोण ढकलतंय ते नाही."

तिनं हे मनापासून सांगितलं होतं. शिक्षण संपल्यावरचं तिचं हे पहिलंच काम. डब्यांच्या नोंदींवरून कामाचा नकाशा काढायचा, ते कुठे अडतं ते शोधायचं.

नकाशात वळणावर लाल ठिपका उमटला. बोळातून दोन गाड्या शेजारी-शेजारी सहज जात. तरी तिथे सगळ्याच थांबत होत्या.

"आधी कोण थांबतं?" बैठकीत साहेबांनी विचारलं.

तिलाही तेच कोडं पडलं होतं. तिनं नोंदी वेळेनुसार लावल्या आणि हरखून म्हणाली, "प्रत्येक वेळी तीन नंबर!"

मुकादमानं मान खाली घातली. तीन नंबरचं चाक एका बाजूला ओढायचं. ती गाडी लाँड्रीतल्या म्हाताऱ्या काकांशिवाय कुणाच्या हाताला वळत नसे, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मुकादम म्हणाला, "वळणाशी त्यांना दम लागतो. भिंतीला टेकतात. त्यांना ओलांडून आम्ही कुणी पुढे जात नाही, मागं गप्पा मारत उभे राहतो. साहेबांना कळलं तर घरी बसवतील, म्हणून."

दुसऱ्याच दिवशी बसवलं.

ती खाली गेली तेव्हा काका एप्रनची घडी घालत होते.

"काका, मी फक्त गाडीचा नंबर सांगितला हो."

"बरोबरच सांगितलास की. खोटं कुठं बोललीस?"

"डबीला माणूस कळत नाही म्हणे!" मावशी कडाडल्या. "चांगली चुगलखोर निघाली!"

"अगं, गप. पोरीची पहिलीच नोकरी आहे." काका तिच्याकडे वळले. "आता घरी बसून दिवसभर काय करू, ते सांगते का गं तुझी डबी?"

सगळे हसले. तिला हसता येईना. चहा आला, नेहमीसारखा तिलाही दिला गेला. तो तसाच ठेवून ती साहेबांकडे गेली.

काकांना बसून घड्या घालायचं काम द्यावं, असं तिनं साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. "नंतर बघू," ते म्हणाले, "आधी पुढचा नकाशा द्या."

तिनं दिला. वळणावर गाडी थांबण्याचा सरासरी वेळ : आधी चार मिनिटं वीस सेकंद, आता नऊ सेकंद.